चोवीस रकान्यांचा संपादक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनाविषयी या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने काही सांगावे, अशी स्थिती नाही. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, लंडन, महाड, पुणे करार, येवला, संविधान आणि नागपूर हा क्रम आपल्या वसतिगृहातील पाचवीचा विद्यार्थीही न अडखळता सांगतो. त्या घटनाक्रमाची उजळणी करण्याचा आमचा हेतू नाही. याच जीवनाकडे आम्ही एका लहानशा प्रश्नाच्या वाटेने जाणार आहोत. नोकरी, न्यायालय, कायदेमंडळ, चळवळ, कर्ज, आजार आणि घरातील मृत्यू यांच्या गराड्यात सापडलेला हा मनुष्य लिहीत केव्हा होता? आणि लिहिणे सुटण्याजोगे प्रसंग वारंवार येऊनही ते सुटले नाही, ते कोणाच्या आणि कशाच्या बळावर?

हा प्रश्न आम्हांला पडण्याचे कारणही सांगून टाकतो. स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडे लेख मागितले की, बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: वेळ मिळत नाही, सुचत नाही, लिहिण्याची सवय मोडली. ही उत्तरे खोटी नसतात. बँकेत, कचेरीत, कारखान्यात दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री कोरा कागद पुढे ओढावा, ही अपेक्षा सोपी नाही. पण या उत्तरांच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य हमखास येते की, बाबासाहेबांची गोष्टच वेगळी, ते महामानव होते. हे वाक्य आदराचे दिसते; प्रत्यक्षात ती एक पळवाट आहे. त्यांच्या लेखणीला अलौकिक ठरवले की, त्या लेखणीमागचे कष्ट पाहण्याची जबाबदारी आपोआप टळते. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत. आम्हांला कष्टांचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो.

हा हिशेब सुभेदार रामजी सकपाळांपासून सुरू होतो. रामजी हे लष्करी शाळेत शिकवणारे शिक्षक होते आणि मुलांचा अभ्यास ही त्यांच्या दृष्टीने सैनिकी शिस्तीची बाब होती. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेणे आणि तर्खडकरांच्या भाषांतरमालेतील पाठ सोडवून घेणे, हा त्यांचा नेम. एका भाषेतील वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना नेमका शब्द हुडकावा लागतो, चालढकल चालत नाही. पुढे मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने चालणारी लेखणी या घरगुती पाठांतून घडली, असे आमचे मत आहे. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत अंथरुणे. उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी, असे तिथल्या झोपण्याचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. अशा जागेत अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग त्याला उठवून बसवीत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे नसले की विवाहित मुलींकडे जाऊन उसने आणत. प्रसंगी त्यांचा दागिना गहाण पडत असे. आपल्या समाजातील या लेखकाच्या पहाटेच्या वेळेची किंमत कोणीतरी दुसऱ्याने आपल्या झोपेतून चुकती केली होती, हे आपण फारसे सांगत नाही.

दुसरे नाव कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला आणि 1907 साली तो मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. या प्रसंगाचा धम्माशी असलेला संबंध आपण नेहमी सांगतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्यात आणखीही एक गोष्ट घडली. एका लेखकाने स्वतःचे पुस्तक एका मुलाच्या हाती दिले. पुस्तक लिहिणारा मनुष्य समोर उभा असतो, बोलतो, बागेत फिरायला येतो, हे त्या मुलाने पाहिले. ज्या घरांत पुस्तक लिहिलेला मनुष्य कोणी कधी पाहिलेलाच नसतो, त्या घरांतील मुलांना या भेटीचे मोल अधिक कळेल.

1913 च्या फेब्रुवारीत रामजी गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठातील वर्षे ही अफाट वाचनाची वर्षे आहेत. जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे 2,000 पुस्तके जमविली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने 9 मे 1916 हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. वय 25. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. वर्गातील एका सत्रासाठी म्हणून लिहिलेला हा मजकूर आज शंभर वर्षांनंतरही अभ्यासक वाचत आहेत. वर्गात सांगितलेला निबंध उरकून टाकण्याची वृत्ती ज्यांच्या अंगी आहे, त्यांनी, म्हणजे आमच्या सर्व विद्यार्थ्यांनी, याची नोंद घ्यावी.

यानंतर पहिला मोठा आघात आला. लंडनमधील अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईत परतले. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने यावयाचे होते. महायुद्ध चालू होते. पाणतीरांच्या हल्ल्यात ती बोट बुडाली आणि सामानाबरोबर जमविलेली पुस्तकेही समुद्रात गेली. नुकसानभरपाईची जी रक्कम हाती आली, तिच्यातून बडोद्याला नोकरीवर जाण्याचा प्रवासखर्च निघाला. बडोद्यात काय झाले, पारशी वसतिगृहातून कसे बाहेर काढले गेले, ते सर्वश्रुत आहे. थोडक्यात, पुस्तके गेली, नोकरी गेली आणि राहायला जागाही मिळाली नाही.

अशा अवस्थेत मनुष्य काय करतो? मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम काढले. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. आणि याच 1918 साली त्यांचे दोन लेख एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आपणांस दिसतात. एक भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर, दुसरा बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाच्या परीक्षणाचा. आम्हांला हे वर्ष फार मोलाचे वाटते. कारण या लेखनामागे पदवी नव्हती, पगार नव्हता, चळवळीचा जयघोषही नव्हता. कोणी मागितले म्हणून नव्हे, तर मेंदू गंजू नये म्हणून केलेले ते काम होते. पुढल्या वर्षाच्या जानेवारीत 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्वराज्याच्या प्रश्नावर एका पत्रलेखकाने स्वतःचे नाव न देता, केवळ एक महार एवढीच ओळख देऊन पत्र छापविले. तो पत्रलेखक म्हणजे सिडनॅम महाविद्यालयात नुकतेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक झालेले भीमराव आंबेडकर.

वृत्तपत्राची गरज त्यांना इथून तीव्रतेने जाणवू लागली असावी. राजर्षी शाहू महाराजांनी 2,500 रुपयांचे साहाय्य केले आणि 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू झाले. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. लेखणी बाबासाहेबांची होती. 'केसरी'ने पैसे घेऊनही या पत्राची जाहिरात छापण्यास नकार दिला, ही गोष्ट आपल्या सभांतून वारंवार सांगितली जाते. ती सांगताना आपण 'केसरी'वर रागावतो आणि थांबतो. जाहिरात नाकारली गेली तरी अंक वेळेवर निघाला, हा उत्तरार्ध आम्हांला पूर्वार्धाहून मोठा वाटतो.

त्याच वर्षी साठविलेला पगार, महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जावे आणि ते बंद होताना रक्षकाने सांगितल्यावर बाहेर पडावे, असा दिवस. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. घरमालकीण खडूस आणि तिचे पान तुटपुंजे. रात्री भूक अनावर झाली की, ओळखीच्या माणसाने दिलेले पापड तव्याऐवजी पत्र्यावर भाजून खावेत आणि पुन्हा टिपणे काढीत बसावे. अस्नाडेकर नावाचे सहनिवासी मध्यरात्री जागे होऊन त्यांना झोपण्याचा आग्रह करीत. त्यावर अन्नाला पैसा नाही नि झोपेला वेळ नाही, अशा आशयाचे उत्तर मिळे. या हालांचे आम्ही कौतुक करणार नाही. उपाशीपोटी लिहावे, असा कोणता नियम नाही. त्या हालांची किंमत त्यांच्या शरीराने पुढे चुकविली. आम्ही फक्त त्या दिवसाची आखणी पाहावी, एवढेच म्हणतो. स्फूर्ती आली की ग्रंथालयात जायचे, असा त्यांचा क्रम नव्हता. ग्रंथालय उघडण्याची वेळ हीच त्यांची कामाला लागण्याची वेळ होती.

1922 च्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध विद्यापीठाला सादर झाला. परीक्षकांना तो रुचला नाही. ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर त्यात कठोर टीका होती. पैसे संपल्यामुळे 1923 च्या एप्रिलमध्ये मुंबईला परत यावे लागले आणि प्रबंध पुन्हा लिहून पाठविण्याचे काम मानगुटीवर बसले. ज्यांनी एकदा पूर्ण केलेले लेखन दुसऱ्यांदा करावे लागण्याचा अनुभव घेतला असेल, त्यांना या कामाचा कंटाळा ठाऊक असेल. त्यांनी मांडणीची धार बोथट केली, निष्कर्ष मात्र ढळू दिले नाहीत, आणि तो प्रबंध मुंबईहून पुन्हा रवाना केला. त्याच वर्षी डी. एस्सी. पदवी मिळाली, डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ बाहेर काढला, त्याला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती.

त्या ग्रंथाचे अर्पणपान कोणी उघडून पाहिले आहे काय? ते आई-वडिलांच्या स्मृतीस आहे. रात्री दोनपर्यंत जागणारे रामजी आणि मूल लहान असतानाच गेलेली भीमाबाई. बाबासाहेबांची अर्पणपाने एकापुढे एक ठेवून वाचली तर, कोणासाठी आणि कोणाच्या बळावर ते लिहीत होते, याचे उत्तर त्यांनीच देऊन ठेवले आहे असे दिसते. 1925 चा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीराव महाराजांना, शिक्षणाच्या उपकारासाठी. 1940 चा पाकिस्तानवरील ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस. त्या पाच वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. 1946 चा शूद्र पूर्वी कोण होते हे शोधणारा ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांना. 1948 चा अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना. आई-वडील, आश्रयदाता, पत्नी, गुरू, पूर्वज. ग्रंथ लिहिणाऱ्याला एकटेपणा असतो असे म्हणतात. या माणसाच्या टेबलाभोवती मात्र नेहमी कोणीतरी बसलेले होते. त्यांतील बहुतेक हयात नव्हते, एवढेच.

आता आम्ही मूळ विषयाच्या गाभ्याशी येतो. 1926 च्या जुलैत त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्यापूर्वी गंगाधर, रमेश आणि इंदू ही अपत्ये गेलेली होती. यशवंत तेवढे राहिले. दत्तोबा पवार या कोल्हापूरच्या स्नेह्याला त्यांनी त्या वेळी लिहिलेले पत्र आजही वाचवत नाही. जगण्यातील रसच संपला, असे त्या पत्रातून जाणवते. अशा मनःस्थितीत कोणी लेखणी खाली ठेवली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु नऊ महिन्यांच्या आत, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. दुःख ओसरले म्हणून पत्र निघाले, असे मानण्यास आम्हांला आधार सापडत नाही. उलट पत्र निघणे आवश्यक झाले, आणि त्या आवश्यकतेने दुःखाला बाजूला सरकून बसावयास लावले, असेच दिसते. महाडला माणसे मार खाऊन आली होती. त्यांची बाजू इतर पत्रे मांडणार नव्हती. पंधरा दिवसांनी अंक निघालाच पाहिजे, ही सक्ती होती, आणि आमच्या मते नियमित लेखनाला याहून मोठे साहाय्य नाही. वाट पाहणारा वाचक आणि ठरलेली तारीख या दोन गोष्टी असल्या म्हणजे स्फूर्तीची आराधना करीत बसावे लागत नाही.

या पत्राला स्वतंत्र लेखकवर्ग नव्हता. संपादकालाच अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागत. त्या काळातील त्यांचा दिवस डोळ्यांपुढे आणावा: सकाळी पक्षकार, दुपारी न्यायालय, बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे तास, 1927 पासून मुंबई कायदेमंडळाचे सदस्यत्व, संध्याकाळी परळच्या दामोदर हॉलजवळच्या कार्यालयात गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसे, आणि रात्री बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांचे घर. या सर्वांतून उरलेल्या वेळात चोवीस रकाने. त्यांत अग्रलेख, प्रासंगिक विचार, विरोधी पत्रांना उत्तरे, धर्मशास्त्रांची चिकित्सा. मोबदला नाही, उलट पदरचे खर्च होत.

1928 च्या फेब्रुवारीतील एका लेखात त्यांनी वाचकांना आपली ही स्थिती मोकळेपणाने सांगितली आणि पत्राच्या ऋणाची आठवण करून दिली. त्याच लेखात रमाईंचा उल्लेख आहे. पती परदेशी असताना संसाराचा भार एकटीने वाहणारी, शेणाच्या पाट्या डोक्यावर घेणारी ही पत्नी. आणि पती परत आल्यावर चोवीस तासांतील अर्धा तासही तिच्या वाट्याला येत नाही, याची कबुली संपादकाने जाहीर छापील पानावर दिली. आमच्या मते मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात असे पान दुर्मीळ आहे. लेखनासाठी लागणारा वेळ आकाशातून पडत नाही, तो घरातील कोणाच्या तरी वाट्यातून घेतला जातो, हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी लपविले नाही. आज आपल्यापैकी जे पुरुष लिहितात, त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून हा परिच्छेद पुन्हा वाचण्यास हरकत नाही.

'बहिष्कृत भारत' अखंड चालले काय? नाही. अंक लांबले, जोडअंक काढावे लागले, पैसा पुरला नाही आणि 15 नोव्हेंबर 1929 नंतर ते बंद पडले. 'मूकनायक' तर त्यापूर्वीच, ते परदेशी असताना इतरांच्या हाती रखडून 1923 साली थांबले होते. मग 24 नोव्हेंबर 1930 रोजी 'जनता' निघाले आणि 4 फेब्रुवारी 1956 पासून तेच 'प्रबुद्ध भारत' झाले. छत्तीस वर्षे आणि चार नावे. नियमितपणाची आपली कल्पना कॅलेंडरातील एकही चौकोन रिकामा न ठेवण्याची असते. एक चौकोन रिकामा राहिला की आपण सारे कॅलेंडरच उतरवून ठेवतो. बाबासाहेबांच्या लेखनजीवनात खंड अनेक आहेत. खंडानंतर पुन्हा बसणे, हेही तितक्याच वेळा आहे.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी निमंत्रण दिले, लिखित भाषण पाहिल्यावर काही भाग गाळण्याची सूचना केली, त्यांनी ती मानली नाही आणि अधिवेशनच रद्द झाले. भाषण लिहून तयार, सभा नाही. त्यांनी त्याच्या 1,500 प्रती स्वखर्चाने छापल्या. दोन महिन्यांत त्या संपल्या. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या नावाने आपण ओळखतो तो ग्रंथ हाच. व्यासपीठ काढून घेतले गेले तरी कागद काढून घेता येत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना वक्तृत्व स्पर्धेत क्रमांक आला नाही की ते भाषणाचा कागद चुरगाळून टाकतात, तेव्हा आम्हांला लाहोर आठवते.

संविधानाच्या मसुद्याविषयी आम्ही इथे विस्तार करीत नाही. त्यावर याच अंकात इतरांनी लिहिलेच असेल. मसुदा समितीतील अनेक सदस्य निरनिराळ्या कारणांनी अनुपस्थित राहिल्याने भार त्यांच्यावर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेतच सांगितले होते, आणि त्या काळात मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, एवढी नोंद पुरे.

त्यांच्या हयातीतील शेवटचे मोठे लेखन म्हणजे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. महाबोधी सोसायटीच्या वैशाख अंकासाठी लिहिलेल्या एका लेखातून या ग्रंथाची कल्पना पुढे आली, 1951 साली लेखन सुरू झाले आणि पाच वर्षे चालले. मंत्रिपदाचा राजीनामा दिलेला, निवडणुकीत पराभव झालेला, दृष्टी मंदावलेली, पाय साथ देईनासे झालेले. दिल्लीतील 26, अलीपूर रोड या निवासस्थानी माईसाहेब शुश्रूषा करीत. नानकचंद रत्तू हे सरकारी नोकरीत असलेले पंजाबी तरुण कचेरी सुटल्यावर येत आणि रात्री उशिरापर्यंत हस्तलिखिते टंकित करीत. रत्तूंचे नाव आपल्या सभांतून क्वचितच घेतले जाते. दिवसभराची नोकरी करून दुसऱ्याच्या लेखनासाठी रात्र देणारा हा मनुष्य नसता, तर कितीतरी पाने आज आपल्या हाती नसती. लिहिणाऱ्याला प्रोत्साहन देणे म्हणजे पाठीवर थाप मारणे, अशी आपली समजूत असते. रत्तू पाने टंकित करीत होते.

याच वर्षांत आणखी एक शांत काम चालू होते. बाबासाहेब पालीचे व्याकरण आणि पाली शब्दकोश स्वतःसाठी तयार करीत होते. शब्द, त्याचा अर्थ, पुढचा शब्द, त्याचा अर्थ. त्यात टाळ्या नाहीत, मोर्चा नाही, अग्रलेखाची धार नाही. साठी उलटलेला, पदव्यांची रास असलेला विद्वान एका नव्या भाषेच्या शब्दांच्या याद्या करीत बसला आहे, हे चित्र आम्हांला त्यांच्या कोणत्याही पुतळ्याहून अधिक जवळचे वाटते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, नोव्हेंबरात काठमांडूची बौद्ध परिषद झाली. 5 डिसेंबरच्या रात्री त्यांनी रत्तूंना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकाची आणि प्रस्तावनेची टंकित पाने, तसेच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना पाठवावयाच्या पत्रांचे कागद पलंगाजवळच्या टेबलावर ठेवावयास सांगितले. झोपण्यापूर्वी ते नजरेखालून घालावयाचे होते. पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला.

मागे राहिलेली हस्तलिखिते पुढे बराच काळ पेट्यांत बंद होती. महाराष्ट्र शासनाने 1976 साली समिती नेमली, वसंत मून यांच्यासारख्या माणसाने त्या कामाला आयुष्य वाहिले, आणि 14 एप्रिल 1979 रोजी पहिला खंड निघाला. या खंडांतून फिरताना अपुरेपणा पावलोपावली भेटतो. योजलेल्या ग्रंथांच्या प्रकरणांच्या नुसत्या याद्या आहेत. कुठे तीन प्रकरणे लिहिलेली आहेत आणि पुढची कोरी आहेत. कुठे मधलीच पाने गहाळ आहेत. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती यांवरील मोठा ग्रंथ असाच विस्कळीत राहिला. स्वतःच्या आयुष्यातील अस्पृश्यतेच्या अनुभवांवरील काही हस्तलिखित पाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापली. गोरेगावला वडिलांना भेटावयास निघालेल्या लहान मुलांना मसूर स्थानकावर गाडीवान मिळत नाही, ती हकीकत तिच्यात आहे. कोलंबिया विद्यापीठात आज विद्यार्थी ती अभ्यासतात. आत्मचरित्र म्हणावे इतकीही ती पाने नाहीत. पण ती लिहून ठेवली होती.

आपल्या घरांतही अशा हकीकती आहेत. नागपूरला पांढरी वस्त्रे नेसून गेलेले, त्या वेळी विशीत असलेले आजी-आजोबा आता नव्वदीच्या घरात आहेत. बहुतेक तर गेलेही. कोणत्या गाडीने गेले, भाकरी कशात बांधून घेतली, परत आल्यावर घरातील देव्हाऱ्याचे काय केले, गावाने काय म्हटले, हे त्यांच्याकडून ऐकलेले लोक आता पन्नाशी-साठीचे आहेत. या विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीत असे ऐकलेले कितीतरी जण आहेत. पुढील वर्षापासून विद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट या हकीकतींसाठी रिकामे ठेवले जाणार आहे. दोनरेघी वहीचे एक पान असले तरी चालेल, शुद्धलेखन आम्ही तपासून घेऊ. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही तिथे असतो.